संगणकाला हुकूम द्यावा की वर्णन?

अशी कल्पना करा की, आई बाहेर जाताना स्वयंपाकघरात एक चिठ्ठी ठेवून गेली आहे. चिठ्ठीत तीनच ओळी आहेत : ‘मागचे दार लाव. अंगणातला दिवा लाव. आमटीत चमचाभर मीठ घाल.’ तुम्ही शाळेतून येता, चिठ्ठी वाचता, तिन्ही कामे करता आणि खेळायला निघून जाता. अर्ध्या तासाने ताई कॉलेजातून येते. तिलाही तीच चिठ्ठी दिसते. तीही शहाण्या मुलीसारखी तिन्ही कामे करते.

रात्री जेवताना काय होईल ते सांगायला नकोच. दाराचे काही बिघडले नाही, कारण लावलेले दार पुन्हा लावले तरी ते लावलेलेच राहते. दिव्याचेही तसेच. आमटी मात्र तोंडात घालवत नाही! आता यात चूक कोणाची? तुम्ही आईचे ऐकले, ताईनेही ऐकले. चूक असलीच तर ती चिठ्ठीच्या भाषेत आहे. पहिल्या दोन ओळी कितीही वेळा पाळल्या तरी चालते, तिसरी एकदाच पाळायची असते, आणि हा फरक चिठ्ठी वाचून कळत नाही.

गणितात हा फरक फार जुना आहे. −७ या संख्येचे केवल मूल्य घ्या, ७ येते. त्या ७ चे पुन्हा केवल मूल्य घ्या. ७ च येते. याउलट ‘दुप्पट करा’ ही क्रिया पाहा. ७ चे १४ होतात, पुन्हा केली की २८. जी क्रिया एकदा केली काय आणि दहादा केली काय, उत्तर तेच राहते, तिला ‘आयडेम्पोटंट’ असे भारदस्त नाव आहे. बेंजामिन पर्स या अमेरिकन गणितज्ञाने १८७० मध्ये ते वापरात आणले. लॅटिनमधल्या ‘तोच’ आणि ‘शक्ती’ या अर्थाच्या दोन शब्दांवरून ते घडले आहे. एखाद्या संख्येला तिनेच गुणले असता तीच संख्या मिळावी, असे किती संख्यांच्या बाबतीत घडते, ते जरा शोधून पाहा. शून्य आणि एक, या दोनच सापडतील.

दार लावणे आयडेम्पोटंट आहे, मीठ घालणे नाही. हे एवढे ध्यानात ठेवून आपण संगणकांच्या खोलीत जाऊ.

शिंपल्यातल्या आज्ञा

संगणकाला कीबोर्डवरून शब्दांत आज्ञा देता येतात. त्या आज्ञा वाचून त्यांचा अर्थ लावणाऱ्या आणि त्या पाळल्या जातील असे पाहणाऱ्या आज्ञावलीला ‘शेल’ म्हणतात. शेल म्हणजे शिंपला, कवच. संगणकाच्या गाभ्याभोवतीचे हे कवच, म्हणून हे नाव. रोज त्याच त्या पंधरा आज्ञा टाइप करण्याचा कोणालाही कंटाळाच येणार. तेव्हा त्या एका फाईलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवाव्यात आणि ‘ही फाईल पाळ’ असे सांगावे, ही युक्ती लुई पूझाँ या फ्रेंच संगणकतज्ञाने अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६४ च्या सुमारास योजली. त्याने तिला ‘रनकॉम’ म्हटले. त्या नावातली ‘आरसी’ ही अक्षरे आजही लिनक्सच्या अनेक फाईलींच्या नावांच्या शेवटी दिसतात, बरे का! पुढे १९७१ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी शेल लिहिले, १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचे शेल आले आणि १९८९ मध्ये ‘बॅश’ आले. लिनक्सवर आज सर्रास भेटते ते हेच बॅश. आज्ञांच्या अशा लेखी यादीला ‘शेल स्क्रिप्ट’ म्हणतात.

आता समजा, तुमच्या शाळेत लिनक्सवर चालणारे २० संगणक आहेत. संगणकाच्या सरांनी ते वापरण्याजोगे करण्यासाठी एक स्क्रिप्ट लिहिली. तिचा मराठीत सारांश असा :

‘विद्यार्थी’ नावाचा वापरकर्ता तयार कर.
त्याच्यासाठी ‘गृहपाठ’ नावाचा फोल्डर तयार कर.
मूलद्रव्यांची आवर्तसारणी दाखवणारी ‘कॅल्झियम’ ही आज्ञावली बसव.
रोज सायंकाळी पाच वाजता गृहपाठाची नक्कल काढून ठेवावी, अशी ओळ वेळापत्रकाच्या फाईलच्या शेवटी जोड.
छपाईच्या सेवेची मांडणी-फाईल नक्कल करून जागेवर ठेव आणि ती सेवा बंद करून पुन्हा सुरू कर.

पहिल्या दिवशी स्क्रिप्ट उत्तम चालली. पण तीन संगणक त्या दिवशी बंद होते. शिवाय आठवड्याने सरांना स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ घालावीशी वाटली. कोणत्या यंत्रावर काय झाले आहे याची नोंद कोण ठेवतो? त्यांनी सगळीकडे स्क्रिप्ट पुन्हा चालवली. म्हणजे ताईच्या हातात चिठ्ठी पडली!

आता एकेक ओळ पाहू. वापरकर्ता आधीच असल्यामुळे पहिली आज्ञा ‘हे नाव आधीच आहे’ अशी तक्रार करते. फोल्डरची आज्ञाही तशीच रुसते. आज्ञावली बसवण्याची ओळ ‘ती आहेच’ म्हणून पुढे जाते. पाचवी ओळ छपाईची सेवा विनाकारण बंद करून पुन्हा चालू करते. त्या वेळी कोणी प्रश्नपत्रिका छापत असेल तर ती मध्येच अडखळते. हे सारे निदान दिसते तरी. खरा घात करते ती चौथी ओळ, कारण ती काहीच बोलत नाही. शेलमध्ये फाईलच्या शेवटी ओळ जोडण्यासाठी >> असे चिन्ह वापरतात. ते चिन्ह आधी काय लिहिले आहे हे पाहतच नाही. आमटीची चव न घेता मीठ घालते. वेळापत्रकात आता तीच ओळ दोनदा आहे. पाच वाजले की नक्कल काढणारी दोन कामे एकाच क्षणी सुटतात आणि एकाच नावाच्या फाईलवर दोघेही लिहू लागतात. एखाद्या दिवशी ती नक्कल बिघडते. ती बिघडल्याचे कळते केव्हा? मूळ गृहपाठ हरवतो आणि नक्कल उघडायची वेळ येते तेव्हा.

प्रस्तुत लेखकानेही अशी जोडओळ एकदा निर्माण केली आहे, आणि ती शोधायला त्याला दोन दिवस लागले आहेत. म्हणून सरांना हसू नका.

शेलची दुसरी एक सवय सांगायला हवी. एखादी आज्ञा फसली तरी मुद्दाम सांगितल्याखेरीज शेल थांबत नाही, पुढची आज्ञा पाळू लागते. आणि ज्या नावात काही साठवलेलेच नाही ते नाव वापरले, तर त्या जागी ते मुकाट्याने रिकामी जागा धरते. २०१५ च्या जानेवारीत या दोन सवयी एकत्र आल्याचे एक उदाहरण जगजाहीर झाले. संगणकीय खेळांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘स्टीम’ या आज्ञावलीच्या लिनक्सवरील स्क्रिप्टमध्ये ‘अमुक फोल्डरच्या आतले सर्व काही पुसून टाक’ अशा अर्थाची एक ओळ होती. फोल्डरचे नाव शोधण्याची आधीची पायरी काही परिस्थितीत फसे. मग नावाच्या जागी काहीच उरत नसे, उरे ती त्यापुढची तिरकी रेघ. लिनक्समध्ये नुसत्या तिरक्या रेघेचा अर्थ काय होतो, ठाऊक आहे? संगणकावरचे सर्व फोल्डर जिथून सुरू होतात ते मूळ! पुसण्याचा जेवढा अधिकार त्या वापरकर्त्याला होता, तेवढे सारे पुसले गेले. जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरचेसुद्धा.

ऑस्लोतला पदार्थवैज्ञानिक

१९९३ मध्ये मार्क बर्जेस हे सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचे अभ्यासक नॉर्वेमधील ऑस्लो विद्यापीठात काम करत होते. विभागातील संगणकांची देखभाल त्यांच्याकडे आली. ते संगणक एका जातीचे नव्हते. युनिक्सचे निरनिराळे प्रकार त्यांवर होते, आणि प्रत्येक प्रकाराच्या आज्ञा थोड्याथोड्या वेगळ्या. स्क्रिप्ट लिहावी तर ‘या जातीचे यंत्र असेल तर असे कर, त्या जातीचे असेल तर तसे कर’ अशा जर-तरच्या जंगलात मूळ हेतू हरवून जाई. बर्जेस यांनी ‘सीएफएंजिन’ नावाची आज्ञावली लिहिली. तिला पायऱ्या सांगायच्या नाहीत. शेवटी यंत्र कसे असायला हवे ते सांगायचे. ती यंत्राकडे पाहते आणि जेथे फरक असेल तेवढाच दुरुस्त करते. यंत्र कोणत्याही स्थितीत असो, ते हळूहळू ठरलेल्या स्थितीकडे सरकते. शरीर जसे आजारातून स्वतःला पूर्वपदावर आणते तसे संगणकानेही करावे, हा विचार त्यांनी पुढे १९९८ मध्ये एका निबंधात मांडला.

या मार्गाने मग ‘पपेट’ (२००५), ‘शेफ’ (२००९) आणि मायकेल डीहान यांचे ‘ॲन्सिबल’ (२०१२) आले. ॲन्सिबल हा शब्द अर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ मधील एका विज्ञान-कादंबरीतला. दूरच्या ताऱ्यांशी तत्क्षणी बोलता येईल, असे ते काल्पनिक यंत्र होते. या सर्व साधनांच्या कामाला ‘कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट’ म्हणतात. साध्या भाषेत, यंत्रांची मांडणी ठरल्याप्रमाणे राखणे. आपण ॲन्सिबलचेच उदाहरण घेऊ, कारण त्याचे वर्णन वाचायला सोपे असते आणि २० संगणकांवर आधी वेगळे काही बसवावे लागत नाही. त्यांवर पायथन ही भाषा आणि दूरवरून आत येण्याची सुरक्षित वाट असली की पुरते.

आज्ञार्थ सोडा, विशेषण धरा

व्याकरणाच्या तासाला तुम्ही आज्ञार्थ शिकला असाल : कर, घाल, लाव. स्क्रिप्टमधली प्रत्येक ओळ आज्ञार्थात असते. ॲन्सिबलच्या वर्णनात ‘स्टेट’, म्हणजे स्थिती, या शब्दापुढे येतात ती विशेषणे. ‘तयार कर’ ऐवजी ‘हजर असलेला’. ‘पुसून टाक’ ऐवजी ‘नसलेला’. ‘सुरू कर’ ऐवजी ‘सुरू असलेली’. इंग्रजीतही तेथे ‘स्टार्ट’ न लिहिता ‘स्टार्टेड’ असेच लिहितात. हा फरक नुसता शब्दांचा नाही. आज्ञार्थाला ‘आधीच झाले असेल तर?’ हा प्रश्न सुचतच नाही. विशेषण मात्र प्रथम वस्तूकडे पाहायला लावते.

तेव्हा स्क्रिप्टचे रूपांतर करताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा : ही ओळ पाळून झाल्यावर जगात काय खरे असायला हवे? तुमच्या पाच ओळींना तो विचारून पाहा.

पहिल्या तीन ओळी सहज वळतात. ‘विद्यार्थी’ हा वापरकर्ता : हजर. ‘गृहपाठ’ : फोल्डर असलेला, मालक ‘विद्यार्थी’. ‘कॅल्झियम’ : हजर. येथे क्रमाला मात्र अजून महत्त्व आहे. ॲन्सिबल वरून खाली जाते, म्हणून मालक आधी आणि त्याचा फोल्डर नंतर लिहावा लागतो.

चौथ्या ओळीपाशी थोडे थांबू या, कारण येथेच पुष्कळ जण घसरतात. वेळापत्रकात ही ओळ असावी एवढे सांगून भागत नाही. उद्या सरांनी पाचऐवजी साडेपाचची वेळ ठरवली आणि वर्णनात ती बदलली, तर यंत्राला साडेपाचची ओळ दिसणार नाही आणि ते ती नव्याने जोडील. पाचची जुनी ओळ तशीच राहील. पुन्हा दोन ओळी! वस्तू बदलली तरी ती तीच आहे, हे ओळखायला तिला नाव लागते. म्हणूनच वर्गात तुमचा हजेरी क्रमांक असतो; तुमची उंची वाढली म्हणून शिक्षक पटावर नवा विद्यार्थी लिहीत नाहीत. ॲन्सिबलमध्ये वेळापत्रकासाठी वेगळे मोड्यूल, म्हणजे तयार अवजार आहे. त्याला आपण ‘गृहपाठाची नक्कल’ असे नाव सांगितले की ते त्या ओळीच्या वर ते नाव टिपून ठेवते. पुढच्या वेळी ते नाव शोधते आणि त्याखालची ओळच बदलते.

पाचव्या ओळीत दोन कामे एकत्र बांधली आहेत. मांडणी-फाईल ‘अशी असलेली’ हे वर्णन झाले. पण ‘बंद करून पुन्हा सुरू कर’ याचे काय? ॲन्सिबलमध्ये त्यासाठी ‘रीस्टार्टेड’ असा शब्द आहे, आणि तो फसवा आहे. दिसतो विशेषणासारखा, पण वागतो आज्ञार्थासारखा. जेव्हा चालवाल तेव्हा सेवा बंद-चालू होतेच. विचार करा, सेवा पुन्हा सुरू का करायची? फाईल बदलली तरच. म्हणून हे काम ‘हँडलर’ या वेगळ्या जागी ठेवतात आणि फाईलच्या कामाने त्याला निरोप द्यायचा, अशी व्यवस्था करतात. फाईल जशीच्या तशी असेल तर निरोप जात नाही आणि छपाई अखंड चालू राहते. निरोप दहा कामांनी पाठवला तरी हँडलर शेवटी एकदाच जागा होतो.

आळशी रूपांतराचा मोह येथे फार होतो, हे सांगून ठेवतो. ॲन्सिबलमध्ये ‘शेल’ नावाचेही एक मोड्यूल आहे. त्यात जुनी स्क्रिप्ट जशीच्या तशी कोंबता येते. तसे केले म्हणजे रूपांतर झाले असे पुष्कळांना वाटते, पण ती जुनीच चिठ्ठी नव्या पाकिटात घातल्यासारखे आहे. ते मोड्यूल आत काय घडते ते जाणत नाही, त्यामुळे दर वेळी ‘बदल झाला’ असेच कळवते. नाइलाज असेल तर ‘अमुक फाईल असेल तर हे करू नकोस’ एवढी अट त्याला घालता येते. तीही अर्धवटच; फाईल आहे की नाही एवढेच ते पाहते, तिच्या आत काय आहे ते नाही.

याचा अर्थ स्क्रिप्ट टाकाऊ, असा मात्र नाही. ‘आजच्या सर्व गृहपाठांची संख्या मोज आणि दाखव’ या ओळीला आपला प्रश्न विचारा. तिच्यानंतर जगात काही वेगळे खरे असायला नको. ते निखळ काम आहे. त्यासाठी स्क्रिप्टच बरी. आणि ‘आधी शोध, नसेल तरच जोड’ असे सावधपणे लिहिले तर शेलची ओळही आयडेम्पोटंट होते. पण ती सावधगिरी प्रत्येक ओळीत, प्रत्येक वेळी, लिहिणाऱ्यालाच बाळगावी लागते.

वर्णनाच्या पद्धतीतही एक खोच आहे. वर्णनातून ‘कॅल्झियम’ची ओळ तुम्ही खोडलीत, तर संगणकांवरून कॅल्झियम जात नाही. जे सांगितले नाही त्याबद्दल ॲन्सिबल गप्प राहते. जायला हवे असेल तर ‘नसलेली’ असे स्पष्ट लिहावे लागते. तसेच जुन्या स्क्रिप्टने आधी जोडून ठेवलेली वेळापत्रकातली जादा ओळ आपोआप नाहीशी होत नाही, कारण तिचे नाव कोणी टिपलेले नसते. ती झाडलोट आधी करावी लागते.

रंगीत तालीम

नाटकाच्या प्रयोगाआधी जशी रंगीत तालीम असते तशी ॲन्सिबललाही आहे. ‘चेक’ या पद्धतीने चालवले की ते सर्व यंत्रे तपासते आणि ‘येथे हे बदलले असते’ एवढेच सांगते. प्रत्यक्षात हात लावत नाही. स्क्रिप्टला अशी तालीम देता येत नाही, कारण आपण शेवटी कोठे पोहोचायचे आहे हे तिला माहीतच नसते.

तालीम ठीक वाटली की प्रयोग. ॲन्सिबल मुळात एका वेळी पाच यंत्रांशी बोलते, तेव्हा २० यंत्रे हळूहळू पुरी होतात. एखाद्या यंत्रावर एखादे काम फसले तर शेलसारखे ते पुढे रेटत नाही. त्या यंत्राला तेथेच सोडते आणि बाकीच्यांचे काम चालू ठेवते. रिकाम्या नावावरही ते अडून बसते, तिरक्या रेघेवर धावून जात नाही. शेवटी प्रत्येक यंत्राच्या नावापुढे हिशेब मांडते. आपल्या उदाहरणात कोऱ्या यंत्रापुढे ‘ओके ७, चेंज्ड ६’ असे दिसेल : यंत्राची माहिती घेण्याचे एक काम, आपली पाच आणि हँडलरचे एक, मिळून सात, त्यांतल्या सहांनी बदल केला.

लगेच दुसऱ्यांदा चालवा. आता हिशेब ‘ओके ६, चेंज्ड ०’ असा यायला हवा. हँडलर उठलाच नाही, म्हणून सातचे सहा झाले, आणि बदल शून्य. तुमचे रूपांतर बरोबर झाले आहे की नाही याची ही कसोटी. दुसऱ्या खेपेला शून्याऐवजी एक दिसला तर वर्णनात कोठेतरी मीठ घालणारी ओळ अजून लपली आहे. ती शोधून काढा.

ज्यांच्या शाळेत असे संगणक नाहीत त्यांनी हा प्रयोग वर्गात करावा. ‘खिडक्या उघड, फळा पूस, फळ्यावर तारीख लिही, टेबलावर दोन खडू ठेव’ अशी चिठ्ठी लिहा आणि दोन मुलांना एकामागून एक, एकमेकांना न पाहता ती पाळायला सांगा. मग वर्गात जाऊन खडू मोजा. खडूंच्या ओळीत काय बदल करायला हवा, ते तुम्हाला आता सांगायला नको.

आणि ज्यांच्या शाळेत आहेत, त्यांनी शून्य आल्यावरही दर सोमवारी तेच वर्णन पुन्हा चालवावे. एकोणीस यंत्रांपुढे शून्य येईल. समजा, चौदाव्यापुढे मात्र एक आला. वर पाहिले तर तो एक ‘गृहपाठाची नक्कल’ या कामासमोर दिसतो. कोणीतरी ती ओळ हाताने पुसली होती आणि आता ती पुन्हा जागेवर आली आहे. कोणी पुसली, हे ॲन्सिबलला ठाऊक नसते. ते सरांना वर्गातच विचारावे लागेल.